मूळ आणि उमज : कुमार गंधर्वांचे गाणे

अल् खुवैर (मस्कत) : जिवाभावाच्या जुन्या गाण्याला कुणी नवे रूप दिले की रसिकांत दोन तट पडतात. एकाला ती विटंबना वाटते, दुसऱ्याला तो पुनर्जन्म वाटतो. अल् खुवैरमध्ये मराठी मंडळी जमली आणि विषय नाट्यपदांवर आला, की हा वाद हमखास रंगतो. पंडित कुमार गंधर्वांचे अवघे आयुष्य याच प्रश्नाभोवती घडले.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब गळ्यातून काढण्याचे या मुलाचे कसब विलक्षण होते. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला एका स्वामींनी बालवयातच दिली. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत त्याने भल्याभल्या जाणकारांना थक्क केले. पुढे प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात शिक्षण सुरू झाले. देवधर मास्तरांनी शिष्याला एका घराण्याच्या चौकटीत कोंडले नाही. नक्कल मागे पडून स्वतंत्र विचार सुरू झाला, तो तेथेच.

कीर्तीच्या ऐन उंबरठ्यावर क्षयाने गाठले. जानेवारी १९४८ मध्ये, कोरड्या हवेसाठी, पत्नी भानुमतींसह ते माळव्यातील देवास येथे राहायला गेले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते आणि गाण्यास सक्त मनाई होती. अंथरुणाला खिळलेल्या या गायकाच्या कानांवर वाटेने जाणाऱ्या स्त्रियांची लोकगीते पडत राहिली. रागांचे बीज लोकधुनांत असल्याची त्यांची धारणा या काळात पक्की झाली. नवी औषधे आली, प्रकृती सावरली आणि काही वर्षांच्या मौनानंतर ते पुन्हा मैफलीत बसले. श्वास आखूड झाला होता. म्हणून स्वरवाक्ये आटोपशीर, अणकुचीदार झाली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी आणि लोकधुनांतून उमललेले राग एकत्र आले.

यानंतर त्यांनी ज्याला हात घातला, ते मराठी माणसाचे देव्हाऱ्यातले धन होते. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात त्यांनी नारायणराव राजहंसांची पदे गायली. लडिवाळ लय, शब्दांची नजाकत आणि कमावलेली मींड यांतून बालगंधर्वांनी ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ महाराष्ट्राच्या काळजात कोरली होती. हुबेहूब नक्कल करणे कुमारांना अवघड नव्हते. बालपणाची ती विद्या त्यांच्या गळ्यात होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. बालगंधर्व कोणत्या जागी का थांबले, कोणत्या शब्दावर का झुकले, याचा शोध घेत ते गायले. काही रसिक हरखले, तर काहींना त्यात आपले बालगंधर्व सापडले नाहीत.

मात्र ‘मूळ’ म्हणजे नेमके काय? ‘स्वयंवर’मधील कित्येक चाली भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून बांधल्या होत्या. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे पद तबकडीवर अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावे लागे. ज्या ध्वनिमुद्रिकेला आपण प्रमाण मानतो, तीही एक काटछाटच आहे. कुमारांच्या कार्यक्रमाच्या नावातला ‘उमजलेले’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. त्यात नम्रता आहे आणि हक्कही आहे. बालगंधर्व सर्वांचे, त्यांची ही उमज मात्र माझी.

परदेशी राहणाऱ्यांना हा हक्क मान्य करणे जड जाते. देश सोडताना जे गाणे कानांत होते, तेच आपण कुलूप लावून जपतो. तिकडे गाणे पुढे चालत राहते. इथे वाढलेली मुले तेच पद गिटारवर, वेगळ्या ठेक्यात गाऊ लागली, तर आपल्या कपाळावर आठी उमटते. त्या मुलांना पद उमजले आहे की नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमारांचे निधन झाले. पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे सन्मान त्यांना हयातीतच लाभले होते. त्यांच्यामागे एक विपरीत गोष्ट घडली : त्यांचीही नक्कल होऊ लागली. आजाराने शिकवलेली ती तुटक, टोकदार स्वरवाक्ये धडधाकट फुफ्फुसांचे गायक दागिन्यासारखी मिरवू लागले. कुमारांची गायकी पुढे न्यायची, तर त्यांच्या श्वासाची नव्हे, त्यांच्या शोधाची उसनवारी करावी लागेल. आपल्या घरातल्या नव्या गळ्यांकडून तरी वेगळे काय मागायचे?