लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतलेल्यांना नांगर म्हटलं की हसू येतं. पण कॅनडात रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ फिरत्या पात्यांनी कापून लांब फेकणारं जे अवाढव्य यंत्र असतं, त्यालाही नांगरच म्हणतात. काम तेच, कापायचं आणि बाजूला टाकायचं. आपल्या ताडकळसच्या शिवारात बर्फ नाही, काळी माती आहे. आणि आपल्याकडच्या मातीसाठी लोखंडी नांगर बनवायचं वेड घेतलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथे कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. पेंटिंग सुटलं. मग मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, त्याला रंग लागत नाहीत! पुढे व्ही.जे.टी.आय. मध्ये शिकवूही लागले. प्रमोशनची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि मग नांगर.

लाकडी नांगर माती फक्त फाडतो, उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली ढेकळं त्यावर चढतात आणि पालथी पडतात. हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हात येऊन वाळतात. फाळ बिडाचा असेल तर धार लवकर झिजू नये म्हणून साच्यात धारेच्या जागी लोखंडाचा तुकडा बसवतात. वितळलेलं बीड त्याला टेकलं की झटकन थंड होतं आणि तेवढाच भाग फार कडक बनतो. (आपल्या पेपरात हा 'चिल' दोन मार्कांना येतो आणि आपण तो ऑप्शनला टाकतो.)

पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं असं शेतकरी म्हणायचे. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली. मला ह्या दोन वर्षांचंच जास्त वाटतं. पगार सोडलेला, माल पडून, आणि ज्याच्यासाठी बनवला तोच हात लावत नाही. शेतकऱ्याला अडाणी म्हणणं सोपं होतं; पण जमीन त्याची, रिस्कही त्याचीच होती.

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, वर दहा हजार रुपये कर्ज. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या. त्या वितळवून नांगर ओतले.

पुढे पंप वगैरे आले, ते सगळ्यांना माहीत आहे. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं असतं.