हातावरचा शाईचा पट्टा

उन्हाळ्यात चप्पल काढली की पायावर पट्ट्यांची फिकट नक्षी दिसते. मनगटावरचे घड्याळ काढले तरी तेच. झाकलेली कातडी उजळ आणि उघडी काळवंडलेली. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॅनिश डॉक्टरने हीच गोष्ट स्वतःच्या हातावर मुद्दाम करून पाहिली. त्याचे नाव निल्स फिन्सेन.

फिन्सेन यांचा जन्म 1860 साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर झाला. हिवाळ्यात तिथे जेमतेम काही तास उजेड असतो. शालेय शिक्षण आइसलँडमध्ये पूर्ण झाले आणि 1890 मध्ये कोपनहेगनला ते डॉक्टर झाले. मात्र तरुणपणीच त्यांना दुर्धर आजाराने गाठले. हृदयाभोवतीचे आवरण जाड होत गेले, यकृत बिघडले आणि पोटात पाणी साठू लागले. राहते घर उत्तराभिमुख, त्यामुळे तिथे ऊन येत नसे. थकवा आणि अशक्तपणा जाणवणाऱ्या फिन्सेन यांना उन्हात बसले की बरे वाटे. उन्हात असे काय आहे, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

त्यांनी हातावर काळ्या शाईचा रुंद पट्टा ओढला आणि हात भर उन्हात धरला. शाई धुतल्यावर दिसले, की पट्ट्याखालची त्वचा जशीच्या तशी होती, तर दोन्ही बाजूंची लाल झाली होती. पुढे ती दुखली, सुजली आणि मग काळवंडली. लाली ओसरल्यावर त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटे घडले. आधी झाकलेला गोरा पट्टा भाजला आणि काळवंडलेला भाग बराचसा बचावला. त्वचेतले रंगद्रव्य, म्हणजे आज ज्याला आपण मेलॅनिन म्हणतो ते, शरीराने स्वतःच तयार केलेली शाई आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्वचा भाजते ती उन्हाच्या उष्णतेने, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. हे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचे आहे, असे स्वीडनचे विडमार्क यांनी 1889 मध्ये विजेच्या दिव्याच्या प्रकाशावर प्रयोग करून दाखवले होते. फिन्सेन यांनी तोच धागा पुढे नेला. देवीच्या रुग्णांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवून या किरणांपासून त्यांची त्वचा वाचवावी, असे त्यांनी 1893 मध्ये सुचवले. ती पद्धत काळाच्या ओघात टिकली नाही.

जे किरण इजा करतात, त्यांचा उपयोग रोगावर का करू नये, असा त्यांचा पुढचा विचार होता. त्या काळी त्वचेचा क्षय रुग्णांचे चेहरे विद्रूप करून टाकत असे. फिन्सेन यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश क्वार्ट्‌झच्या भिंगांतून एकवटला, उष्णता काढून घेण्यासाठी तो पाण्यातून नेला आणि रोज बराच वेळ व्रणावर पाडला. 1895 मध्ये पहिला रुग्ण सुधारू लागला, 1896 मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. तिथे परिचारिका दिव्याजवळ काळे चष्मे लावून काम करत. प्रकाश औषध असला, तरी मात्रेबाहेर तो अपायच करतो, याची जाणीव त्या उपचारगृहात होती.

1903 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा ते चाकाच्या खुर्चीला खिळले होते. शेवटच्या काळात त्यांनी स्वतःच्या आजाराच्या नोंदी ठेवून शरीरात मीठ साठण्यावर निबंध लिहिला. 24 सप्टेंबर 1904 रोजी, वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रतिजैविके आल्यावर त्यांचा दिवा मागे पडला, पण हातावरच्या प्रयोगाचा धडा आजही लागू आहे.

चटका बसत नाही म्हणून ऊन निरुपद्रवी ठरत नाही. ढगाळ दिवशी किंवा थंड हवेच्या ठिकाणीही अतिनील किरण त्वचेपर्यंत पोहोचतात. खिडकीची साधी काच त्यातले काही अडवते, सगळे नाही. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे संरक्षण अधिक असते, तरी ते अपुरेच. त्वचा काळवंडणे ही इजा झाल्याची खूण आहे. वर्षानुवर्षांच्या अशा इजेतून सुरकुत्या, डाग आणि काही वेळा कर्करोगही उद्भवतो.

त्यामुळे दुपारच्या उन्हात शक्यतो सावली धरावी. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री आणि चांगला गॉगल वापरावा. उघड्या भागावर सनस्क्रीन सढळ हाताने लावावे, कान, मान आणि पावले विसरू नयेत. घाम आल्यास किंवा दोन तासांनी ते पुन्हा लावावे. फिन्सेन यांच्या शाईने जे केले तेच या साऱ्याने साधते. मात्र पट्टा जिथे संपतो, तिथून पुढे त्वचा भाजते.