विज्ञानतपस्वी जगदीशचंद्र बोस

संध्याकाळी कॉलेज सुटले की मी जालन्यातच मामांच्या दुकानात जाऊन बसतो. रेडिओ, टी.व्ही., इन्व्हर्टर, जे येईल ते मामा दुरुस्त करतात. दुकानात एक जुना, जड ऑसिलोस्कोप आहे. त्याला मामांनी स्वतः तयार केलेली एक पत्र्याची डबी जोडली आहे. डबीत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर आणि दोन-तीन रेझिस्टन्स, बाहेर दोन वायरी. काही जुन्या ऑसिलोस्कोपांत अशी सोय आतच असे. ज्यांत नसे, त्यांना कारागीर ही डबी बाहेरून जोडत.

तिचे काम मोठे गमतीचे आहे. दोन वायरींच्या मध्ये एखादा भाग धरला की त्याच्यावर थोड्या व्होल्टांचा दाब सेकंदाला 50 वेळा उलटसुलट पडतो. दाब किती, ते पडद्यावर आडवे दिसते आणि त्या दाबाने वीज किती वाहिली, ते उभे दिसते. वायर तुटलेली असेल तर आडवी रेघ, चिकटलेली असेल तर उभी. रेझिस्टन्स तिरकी रेघ काढतो, कंडेन्सर लंबवर्तुळ काढतो. आणि चांगला डायोड काढतो काटकोन! एका बाजूला वीज अडते, दुसऱ्या बाजूला एकदम वाट सापडल्यासारखी वर चढते. तो काटकोन दिसला की मामा भाग बाजूला ठेवतात. हा शाबूत आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाला जाणे घरच्यांना परवडण्यासारखे नव्हते. पण ती रेघ पाहून एक प्रश्न मनात घर करून बसला. ऑसिलोस्कोप नव्हता, तेव्हा अशी रेघ कोणी आणि कशी काढली असेल? मामांना विचारले, तर ते हसले व म्हणाले की कॉलेजात कोण जाते, तू की मी? म्हणून मी ग्रंथालयात गेलो. तेथे मला जगदीशचंद्र बोस भेटले. झाडांच्या संवेदना दाखवणारे शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख मला होती.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी, आज बांगलादेशात असलेल्या पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. अशा घरची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात; पण वडिलांनी जगदीशला आधी गावच्या बंगाली शाळेत घातले. त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी तो या सोबत्यांकडून ऐके. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांनी त्याला पदार्थविज्ञानाची गोडी लावली. 1880 मध्ये तो वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. तेथे तापाने हैराण होऊन वैद्यक सोडावे लागले, पण केंब्रिजला लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले.

1885 मध्ये जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या वेळी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे. त्यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. काम तेच, विद्यार्थी तेच, पगार मात्र एकतृतीयांश! जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही, नोकरीही सोडली नाही. तीन वर्षे ते मन लावून शिकवीत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. अखेर सरकार नमले. त्यांना कायम करून मागचा सगळा पगार पूर्ण दराने दिला गेला. त्या पैशातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

संशोधनासाठी कॉलेजात त्यांना धड जागा नव्हती. एका लहानशा खोलीत, साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे तयार केली. मार्कोनीसारखे लोक लांब लहरींच्या मागे असताना बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटरच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीआडून पाठवलेल्या लहरींनी घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

या लहरी पकडण्यासाठी ते धातू आणि खनिजे तपासू लागले. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दाब थोडा वाढवायचा, गॅल्व्हानोमीटरवर वीज मोजायची, आकडा टिपायचा. पुन्हा दाब वाढवायचा. असे बिंदू कागदावर मांडून ते रेषा काढीत. ती रेषा सरळ येत नाही, वाकते, हे त्यांनी पाहिले. काही स्फटिकांत वीज एकाच बाजूने सहज वाहते, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्येच दाखवले होते. नवल असे की 1897 मध्ये पडद्यावर किरणाने रेघ काढणारी नळीही याच ब्राउन यांनी बनवली. बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा लहरी पकडण्यासाठी उपयोग केला. मित्रमंडळींच्या आग्रहाने 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज गेला आणि 29 मार्च 1904 रोजी 755840 क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धसंवाहकावरच्या जगातील अगदी पहिल्या पेटंटांत ते मोडते. पण ज्ञान विकायचे नाही, या निष्ठेने त्यांनी त्यातून पैसा केला नाही.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. झाडाची नजरेला न दिसणारी वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ यंत्र त्यांनी बनवले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, कलकत्त्यात बोस संशोधन मंदिर उभे केले. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर 1947 मध्ये, अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मला. तो घडवणाऱ्यांपैकी ब्रॅटन यांनी, लहरी पकडण्यासाठी अर्धसंवाहक स्फटिक वापरण्याचे श्रेय बोस यांना दिले.

पगाराची गोष्ट मी आईला सांगितली. आई कापूस वेचायला, खुरपायला जाते. बायांची हजेरी गड्यांपेक्षा कमी, हे तिला सांगावे लागत नाही. तिने एवढेच विचारले की तीन वर्षे त्यांच्या घरची चूल कशी पेटली? घरावर कर्ज होते, काटकसरीने दिवस काढले, असे मी म्हणालो. ती म्हणाली की आपल्याला तीन दिवसही जमणार नाही. मला उत्तर सुचले नाही.

मित्रहो, नंतर विचार करता मला वाटले की आईचे खरे आहे आणि जगदीशचंद्रांचेही. नकार देणे सगळ्यांना परवडत नाही. म्हणूनच ज्याला परवडते, शिकून जो तेवढा उभा राहिला आहे, त्याने तो द्यावा. ज्यांना देता येत नाही त्यांच्याही वतीने. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मामांच्या पडद्यावरचा तो हिरवा काटकोन पाहिला की मला आता याची आठवण होते.

आचार्य जगदीशचंद्रांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.