गर्भातलं बाळ दाखवणारे डॉक्टर : इयान डोनाल्ड

पोटातल्या बाळाच्या हृदयाचे चार कप्पे आज सोनोग्राफीत दिसतात. ही वाट दाखवली डॉ. इयान डोनाल्ड यांनी.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. पुढे १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

जवळच्या बॉयलरच्या कारखान्यात ध्वनिलहरींनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र होतं. मग शरीरातलं का दिसू नये? १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून ते थेट त्या कारखान्यात गेले! अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांची साथ मिळाली. अनेकांना हे पटत नव्हतं. पण पोटाचा कर्करोग समजून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात फक्त पाण्याची गाठ आहे, हे यंत्राने दाखवलं. शस्त्रक्रिया झाली, बाई वाचली. १९५८ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

डोनाल्ड स्वतः हृदयरोगी होते. मोठ्या शस्त्रक्रिया होऊनही ते काम करत राहिले. १९ जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या वाटेने पुढे जाऊन इतर डॉक्टरांनी गर्भातल्या हृदयाचे दोष शोधले.

पालकहो, साधारण १८ ते २२ आठवड्यांतली तपासणी टाळू नका. दोष आधी कळला, तर बाळंतपण कुठे करायचं आणि जन्मताच कोणते उपचार लागतील, हे ठरवता येतं. मुलगा की मुलगी हे विचारणं मात्र गुन्हा आहे. हे यंत्र बाळाला जपण्यासाठी आहे.