मिठाचा नकाशा काढून पाण्यातली घाण पकडणाऱ्या एलेन रिचर्ड्स

ग्लासातलं पाणी नितळ दिसतंय, वास येत नाही, चवही रोजचीच आहे. मग ते प्यायला चांगलं आहे असं समजायचं का?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत बहुतेक घरांत याचं उत्तर हो असंच होतं. घरामागे विहीर असायची आणि बऱ्याचदा त्याच परसात शौचखड्डाही असायचा. टायफॉइडची साथ आली की पाण्यावर संशय घेणारे डॉक्टर होते. पण नितळ दिसणाऱ्या पाण्यात सांडपाणी मिसळलंय हे सिद्ध कसं करायचं?

या प्रश्नाचं एक पक्कं उत्तर ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं, त्यांचं नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स. हे उत्तर त्यांनी शोधलं ते मिठाच्या मदतीने.

दुकान सांभाळणारी मुलगी

एलेन यांचा जन्म 3 डिसेंबर 1842 चा, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल गावातला. आईवडील दोघेही शिक्षक आणि एलेन एकुलती एक. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पुढे वडिलांनी दुकान टाकलं, तेव्हा एलेन गल्ल्यावरही बसली आणि हिशेबही तिने सांभाळला.

कॉलेजला जायचं तर पैसे हवेत. शिकवण्या करून आणि मिळेल ते काम करून तिने पैसे साठवले आणि 1868 मध्ये, वयाच्या पंचविशीत, मुलींच्या व्हॅसर कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल शिकवायला होत्या. एलेन यांना आकाशातले तारे आवडले, पण शेवटी त्यांनी निवडलं रसायनशास्त्र. रोजच्या जगण्यातले प्रश्न सुटतील असं विज्ञान त्यांना हवं होतं.

फी माफ, पण का?

1870 मध्ये पदवी मिळाली. त्यानंतर त्यांनी एमआयटीत अर्ज केला. म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जी तेव्हा बोस्टन शहरात होती. तिथे तोवर एकही मुलगी शिकली नव्हती. संस्थेने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून घेतलं आणि फीसुद्धा माफ केली.

एलेन यांना वाटलं, आपली परिस्थिती बघून ही सवलत दिली असेल. खरं कारण नंतर कळलं. कुणी आक्षेप घेतलाच, तर ही बाई आमची विद्यार्थिनी नाहीच असं संस्थेला सांगता यावं, म्हणून फी घेतली नव्हती. हे आधी माहीत असतं तर आपण तिथे गेलोच नसतो, असं त्या पुढे सांगायच्या.

1873 मध्ये त्यांना एमआयटीची पदवी मिळाली. ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे अभ्यास सुरू ठेवूनही डॉक्टरेट मात्र त्यांना एमआयटीने दिली नाही.

पाण्याशी त्यांचा संबंध आला तो विद्यार्थिदशेतच. राज्याच्या आरोग्य मंडळाने पाण्याच्या तपासणीचं काम एमआयटीतले प्राध्यापक विल्यम निकोल्स यांच्याकडे दिलं होतं आणि निकोल्स यांनी मदतीला एलेन यांना घेतलं.

1875 मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न झालं. मधुचंद्राला दोघं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले, तेही रॉबर्ट यांच्या विद्यार्थ्यांची सहल सोबत घेऊन. पुढच्या वर्षी एमआयटीत महिलांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. एलेन तिथे पगार न घेता शिकवत होत्या. 1883 मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली, कारण आता मुलींना नेहमीच्या वर्गांत प्रवेश मिळू लागला होता. 1884 मध्ये एलेन यांना सॅनिटरी केमिस्ट्री, म्हणजे हवा, पाणी आणि सांडपाणी यांच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका म्हणून नेमण्यात आलं.

राज्यभरातून पाण्याच्या बाटल्या

1887 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने मोठं काम हाती घेतलं. राज्यातल्या नद्या, तलाव, विहिरी आणि नळपाणी योजना यांचं पाणी नियमित तपासायचं. रसायनशास्त्राची जबाबदारी प्राध्यापक थॉमस ड्राऊन यांच्याकडे होती, पण प्रयोगशाळेतलं रोजचं काम एलेन यांच्या हाताखाली चालायचं. राज्याच्या कानाकोपऱ्यातून बाटल्या यायच्या. दोन वर्षांत हजारो नमुने तपासले गेले.

तपासणीत एक घटक होता क्लोराईड. टाकीत पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकतात, त्यातलं क्लोरीन वेगळं. क्लोराईड म्हणजे मिठातला घटक.

पण पाण्यात मीठ मोजून घाण कशी कळणार?

माणूस मीठ खातो आणि त्यातलं बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं. स्वयंपाकघरातलं खरकटं पाणीही खारट असतं. त्यामुळे सांडपाण्यात क्लोराईड भरपूर असतं. सांडपाणी जमिनीत झिरपलं की माती बरीच घाण अडवते, उरलेली कुजून जाते. क्लोराईड मात्र मातीत अडत नाही आणि कुजतही नाही. पाणी वरून कितीही नितळ झालं तरी क्लोराईड त्यात तसंच राहतं.

इथे एक अडचण होती. मॅसॅच्युसेट्सला समुद्रकिनारा आहे. खारा वारा आणि पाऊस यांच्यामुळे किनाऱ्यालगतच्या स्वच्छ विहिरीतही क्लोराईड जास्तच असतं. मग किनाऱ्यावरच्या चांगल्या विहिरीचा आकडा आणि आतल्या भागातल्या घाण विहिरीचा आकडा सारखाच आला तर?

उपाय होता नकाशा. जिथे वस्तीची घाण पोहोचत नाही अशा ठिकाणच्या पाण्यातलं क्लोराईड नकाशावर मांडलं. सारखा आकडा असलेली ठिकाणं रेषेने जोडली. या रेषा साधारण किनाऱ्याला समांतर निघाल्या आणि जसजसं आत जावं तसा आकडा कमी होत गेला. प्रत्येक भागातल्या पाण्यात क्लोराईड मुळात किती असायला हवं, हे आता नकाशावरून सांगता येत होतं. एखाद्या विहिरीचा आकडा तिथल्या रेषेपेक्षा बराच वर गेला, की सांडपाणी शिरल्याचा संशय पक्का व्हायचा.

घाण ताजी की जुनी, हे कळायला वेगळी तपासणी होती. सांडपाण्यातल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. अमोनिया जास्त म्हणजे घाण नुकतीच मिसळलेली. नुसतं नायट्रेट जास्त म्हणजे ती जुनी असण्याची शक्यता.

तपासणीच्या पुढे काय झालं?

त्याच काळात लॉरेन्स शहरात आरोग्य मंडळाचं प्रयोग केंद्र सुरू झालं होतं. हे शहर मेरिमॅक नदीचं पाणी प्यायचं आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेलं लोवेल शहर त्याच नदीत सांडपाणी सोडायचं. 1893 मध्ये लॉरेन्समध्ये नदीचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून द्यायला सुरुवात झाली आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

1890 मध्ये एमआयटीत सॅनिटरी इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढची वीस वर्षं पाणीपुरवठा योजना उभारणारे कित्येक इंजिनिअर पाणी तपासायला एलेन यांच्याकडेच शिकले. घर आणि आरोग्य यांचं विज्ञान बायकांपर्यंत पोहोचावं म्हणून त्यांनी पुस्तकं लिहिली आणि 1908 मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशनच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. 1910 मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. 30 मार्च 1911 रोजी त्यांचं निधन झालं. एमआयटीत त्या शेवटपर्यंत शिकवत होत्या आणि पद अध्यापिकेचंच होतं, प्राध्यापकाचं नाही.

तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ

आज पाणी तपासायला दिलं तर रिपोर्टमध्ये क्लोराईडची ओळ असते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराईड चालतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत. आकडा 250 च्या आत दिसला की आपण रिपोर्ट बाजूला ठेवतो.

एलेन यांचा नकाशा सांगतो की एवढं पुरेसं नाही. ज्या विहिरीचा आकडा दरवर्षी 40 यायचा, तिथे अचानक 150 आला तर पाणी मानकात बसतं, पण विहिरीत काहीतरी नवीन शिरलेलं असू शकतं. कोकणात खाडीलगतच्या विहिरीत मात्र त्याहून मोठा आकडाही निव्वळ समुद्रामुळे येऊ शकतो. क्लोराईड जंतू दाखवत नाही, त्यासाठी ई-कोलायची तपासणी वेगळी करावी लागते. म्हणून नवा रिपोर्ट हातात आला की तो मागच्या वर्षीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचायचा. आणि त्यासाठी मागच्या वर्षीचा रिपोर्ट जपून ठेवायला हवा.