चांदण्याचा अभ्यास करणारे इब्न अल-हैसम

शाबान महिन्याच्या २९ तारखेला सूर्य मावळला, की मोहल्ल्यातील मुले गच्चीवर जमतात. सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागलेले असतात. कोणाला तरी आधी ती बारीक, चांदीच्या तारेसारखी कोर दिसते आणि एकच आरडाओरडा होतो. दुसऱ्या दिवशी कोर थोडी जाड होते. सात-आठ दिवसांत अर्धे बिंब दिसते. चौदाव्या-पंधराव्या रात्री पूर्ण चंद्र उगवतो आणि नंतर तो रोज घटत जातो. चंद्राच्या या बदलत्या रूपांना चंद्राच्या कला म्हणतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणून चांद्रमहिना कधी २९, तर कधी ३० दिवसांचा असतो.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्यामुळे उजळतो, ही गोष्ट फार प्राचीन काळापासून विद्वानांना माहीत होती. पण चंद्रावर पडलेला तो प्रकाश आपल्या अंगणात कसा येतो? सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम.

इब्न अल-हैसम यांचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात झाला. गणित आणि खगोलशास्त्र यांत त्यांनी मोठे नाव मिळवले. त्या वेळी इजिप्तमध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम यांचे राज्य होते. नाईल नदीला कधी महापूर येई, तर कधी पाणी फार कमी पडे. दोन्ही वेळा शेतकऱ्यांचे हाल होत. या नदीचे पाणी आवरता येईल, असे इब्न अल-हैसम म्हणाल्याचे खलिफांच्या कानावर गेले. त्यांनी इब्न अल-हैसम यांना कैरोला बोलावून घेतले आणि कारागीर बरोबर देऊन त्यांना दक्षिणेकडे पाठवले.

वाटेत नदीकाठी प्राचीन इजिप्शियन लोकांनी उभारलेल्या भव्य इमारती दिसत होत्या. त्या पाहून इब्न अल-हैसम विचारात पडले. इतके कुशल लोक येथे होऊन गेले. नदी अडवणे शक्य असते, तर त्यांनी ते केलेच असते. अस्वानच्या पुढे जाऊन त्यांनी नदीचे पात्र पाहिले आणि आपली योजना चुकली हे त्यांना कळून आले. परत येऊन त्यांनी अपयश कबूल केले. पण खलिफा अल-हाकिम लहरी आणि कठोर होते. पुढे जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैसम यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले, असे सांगतात. त्यांना घरातच कोंडून ठेवण्यात आले. १०२१ मध्ये खलिफांचा अंत झाल्यावर त्यांनी हे सोंग टाकले. ही हकीकत त्यांच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रग्रंथात आढळते. तेव्हा ती अगदी अशीच घडली असेल, असे खात्रीने म्हणता येत नाही.

त्यानंतर ते कैरोतील अल-अझहर मशिदीजवळ राहिले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील ग्रंथ यांच्या सुंदर नकला ते हाताने लिहून काढत. त्यांतून वर्षाला १५० दिनार मिळत आणि त्यावर त्यांचा खर्च भागे. दरबारी मानसन्मानापेक्षा हे साधे जीवन त्यांना पसंत होते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा आहे. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूंना स्पर्श करतात, म्हणून वस्तू दिसतात, असे पूर्वी अनेक विद्वान मानत. वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून आपल्याला दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी दाखवून दिले. हीच दृष्टी त्यांनी चंद्राकडे वळवली.

चंद्र आरशासारखा आहे आणि सूर्याचा प्रकाश तो परत पाठवतो, असे काहींचे मत होते. इब्न अल-हैसम यांनी ते तपासून पाहिले. आपणही घरच्या घरी हे पाहू शकतो. घासूनपुसून लख्ख केलेला पितळी तांब्या उन्हात ठेवा. त्याच्या गोल पोटावर सूर्याचा एक लहानसा ठिपका तेवढा झगमगतो. चंद्र आरशासारखा असता, तर त्याच्यावरही असाच एक ठिपका दिसला असता. कोर, अर्धे बिंब, पूर्ण बिंब यांपैकी काहीच दिसले नसते. पण चंद्राचा जो भाग उजळतो तो सगळाच्या सगळा दिसतो. यावरून उजळलेल्या भागाच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना प्रकाश जातो, असे त्यांनी मांडले.

केवळ तर्कावर ते थांबले नाहीत. त्यांनी चंद्राचा प्रकाश दोन लहान छिद्रांतून पडद्यावर पाडला. मग एक छिद्र हळूहळू झाकत नेले. तसतसा पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका थोडाथोडा मंद होत गेला, एकदम नाहीसा झाला नाही. म्हणजे प्रकाश चंद्राच्या एखाद्याच जागेकडून येत नव्हता. प्रयोगातील एकच गोष्ट थोडीथोडी बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही रीत आज शाळेच्या प्रयोगशाळेतही वापरतात.

कला समजून घेण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. पांढरा चेंडू हात लांब करून डोक्याच्या थोडा वर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. चेंडूचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, पण तुम्हाला त्यातला कधी थोडा, तर कधी पूर्ण भाग दिसतो. पृथ्वीची सावली पडल्यामुळे कोर होते, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. ती सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणाच्या वेळी.

पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे, असे इब्न अल-हैसम त्यांच्या काळातील इतरांप्रमाणेच मानत. तरीही ज्या टॉलेमीच्या ग्रंथाच्या नकला करून ते पोट भरत, त्याच टॉलेमीच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिण्यास ते कचरले नाहीत. १०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले.

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि तेथील माती घेऊन आला. ती माती काळपट, करड्या रंगाची आहे. चंद्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच प्रकाश परत पाठवतो, पण तो आरशासारखा एका दिशेने नव्हे, तर चहूकडे फेकतो.

चंद्रावरील एका विवराला इब्न अल-हैसम यांचे नाव दिलेले आहे. युरोपीय लोक त्यांना अल्हाझेन म्हणत, म्हणून ते अल्हाझेन विवर. चंद्राच्या पूर्व कडेजवळ एक काळसर लंबगोल डाग साध्या डोळ्यांनाही दिसतो. त्या डागाच्या पलीकडे, अगदी कडेजवळ हे विवर आहे. ते पाहायला दुर्बीण लागते. चांद्रमहिन्याच्या सुरुवातीलाच, कोर बारीक असताना, त्याच्यावर ऊन पडते आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत ते अंधारात जाते.