डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये : संशोधक शिक्षक



आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. शेजारचा हा समाज विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५७ साली त्याच्यावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. घुर्ये यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणला झाला. जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजात काही महिने काढून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. संस्कृत घेऊन एम. ए. झाले व सुवर्णपदक मिळवले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्र विभाग सुरू केला. त्यांच्यामुळे घुर्ये या विषयाकडे वळले, आणि केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन १९२४ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्यांनी तेथे शिकवले.

घुर्ये केवळ व्याख्याने देऊन थांबले नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक समाज, एकेक प्रश्न अभ्यासायला लावला. इरावती कर्वे यांनी चित्पावनांवर, एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील विवाह व कुटुंबावर, तर ए. आर. देसाई यांनी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर त्यांच्याच हाताखाली प्रबंध लिहिले. हेच विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाले आणि त्यांची पुस्तके देशभरच्या वर्गांतून शिकवली जाऊ लागली. आजचे संशोधन उद्याचा धडा होतो, तो असा.

मात्र संशोधकाचा शब्द अखेरचा नसतो. आदिवासी हे मागासलेले हिंदू होत, असे घुर्ये यांचे मत होते. व्हेरिअर एल्विन यांना ते मान्य नव्हते आणि आजही अनेक आदिवासी अभ्यासक ते नाकारतात. खुद्द देसाई गुरूपेक्षा वेगळ्या, मार्क्सवादी वाटेने गेले. असे मतभेद वर्गात मांडले जातात तेव्हा विद्यार्थी नुसते पाठांतर न करता विचार करू लागतो.

२८ डिसेंबर १९८३ रोजी घुर्ये निवर्तले. त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? पालकहो, मुलगा किंवा मुलगी समाजशास्त्र घेते म्हणाली, तर त्यात काय मिळणार म्हणून तिला मागे ओढू नका. विद्यार्थी मित्रहो, गाइडवर विसंबू नका. आपल्या मोहल्ल्याचा, गावाचा, बाजाराचा अभ्यास करा, वडीलधाऱ्यांना विचारा, लिहून ठेवा. आपल्याविषयी आपण लिहिले नाही, तर दुसऱ्यांनी काढलेले निष्कर्षच उद्या आपल्या मुलांना वर्गात शिकावे लागतील.